५०१(सी)(३) असूनही टी-शर्टवर सेल्स टॅक्स? छोट्या संस्थेने हिशोब कसा धरायचा?

बिनपगारी_खजिनदार
मंडळी, टेक्ससमधल्या एका छोट्या संस्थेचं काम बघते, शाळा सुटल्यावर मुलांची फुकट शिकवणी घेतो आम्ही, पगारी माणूस एकही नाही, सगळे व्हॉलंटियर. यंदा खजिनदारकी माझ्या गळ्यात पडलीये. फंडरेजिंगसाठी २०० टी-शर्ट छापून घ्यायचेत, एक १० डॉलरला पडतो, विकणार २० ला, म्हणजे २,००० डॉलर सुटतील असं बोर्डासमोर सांगून बसलेय. नंतर एक डिनर आणि सायलेंट ऑक्शन (कागदावर बोली लिहायचा लिलाव) पण आहे.

आता प्रिंटर म्हणतो सर्टिफिकेट द्या नाहीतर टॅक्स लावतो. बोर्डातले एक जण म्हणतात आपण ५०१(सी)(३), म्हणजे फेडरल इन्कम टॅक्स माफ असलेली धर्मादाय संस्था आहोत, टॅक्सचा संबंधच नाही, दुसऱ्या म्हणतात विकायचं असेल तर सेल्स टॅक्सचं परमिट काढावंच लागेल, आणि दोघंही इतक्या ठामपणे बोलतात की मधे पडायची सोय नाही. खरं काय? आणि या सगळ्यात हातात उरणार किती?

आकडेमोड_काका
ताई, दोघंही अर्धे बरोबर आहेत 😀

५०१(सी)(३) हे आयआरएसचं, म्हणजे केंद्राच्या कर खात्याचं, फेडरल इन्कम टॅक्सपुरतं. सेल्स टॅक्स राज्याचा. आयआरएसचं पत्र आलं म्हणून राज्याची माफी आपोआप मिळत नाही, टेक्ससमध्ये कम्प्ट्रोलरकडे (राज्याचा कर गोळा करणारं ऑफिस) वेगळा अर्ज करावा लागतो. तो केलाय का ते आधी बघा, कारण बऱ्याच छोट्या संस्थांमध्ये आधीच्या कमिटीने केलाय की नाही हेच कुणाला ठाऊक नसतं. माफी असेल तर प्रिंटरला फॉर्म ०१-३३९ भरून द्या. त्यात एका बाजूला रीसेल सर्टिफिकेट (पुन्हा विकायला घेतलेल्या मालासाठी) आणि दुसऱ्या बाजूला एक्झम्प्शन, म्हणजे माफीचं सर्टिफिकेट असतं, तुम्हाला दुसरं हवंय. दुकानदार पुष्कळदा "टॅक्स एक्झम्प्ट नंबर" मागतात आणि नाही म्हटलं की अडून बसतात. असा नंबर टेक्ससमध्ये नसतोच, त्या फॉर्मवरच तसं छापलंय, तेवढी ओळ दाखवायची.

हे झालं खरेदीचं. विक्रीचं वेगळं, आणि लोक इथेच अडकतात. तुम्ही घेताना टॅक्स माफ म्हणजे तुम्ही विकताना समोरच्याला माफ असं नाही, कारण तो टॅक्स गिऱ्हाइकाचा असतो, तुम्ही फक्त गोळा करून भरणारे. टेक्सस संस्थांना एका कॅलेंडर वर्षात दोन टॅक्स-फ्री सेल किंवा ऑक्शन करू देतं, प्रत्येक एक दिवसाचा, म्हणजे सलग २४ तास. त्या दोन दिवसांबाहेर शर्ट विकायचे तर परमिट काढा, टॅक्स घ्या आणि भरा.

आता तुमचं गणित. टेक्ससचा राज्याचा दर ६.२५ टक्के, लोकल धरून जास्तीत जास्त ८.२५. समजा माफीचा कागद नाही आणि दोन दिवसही वापरले नाहीत. तर २,००० च्या छपाईवर १६५ गेले. विकताना लोकांना २० ची नोट द्यायची सवय, वरचे सुटे कोण मागत बसणार, म्हणून टॅक्स त्या २० मध्येच धरलात तर ४,००० मधले साधारण ३०५ राज्याचे. उरले १,५३०. दर ८.२५ टक्केच आहे हो, पण तो बसतो पूर्ण विक्रीवर आणि निघतो तुमच्या सुटलेल्या पैशातून, म्हणून तुमच्या २,००० ला जवळजवळ चौथा हिस्सा कात्री लागते. मोठ्या संस्थेला हे जाणवत नाही, तिच्याकडे हिशोबाला माणूस असतो.

आणि परमिट फुकट मिळतं म्हणून उगाच काढून ठेवू नका. एकदा काढलं की रिटर्न भरत राहायचं, विक्री शून्य असली तरी. उशीर झाला की प्रत्येक रिटर्नला ५० डॉलर दंड, टॅक्स काही निघत नसला तरी. दरवर्षी खजिनदार बदलणाऱ्या संस्थेत हे हमखास राहतं.

जर्सीकर
काकांचं बरोबर आहे पण हे टेक्ससचं झालं, दुसऱ्या राज्यातल्यांनी डोळे झाकून उचलू नका. आमच्या न्यू जर्सीत एसटी-५ नावाचं सर्टिफिकेट असतं आणि पैसे संस्थेच्याच खात्यातून जायला लागतात. व्हॉलंटियरने स्वतःच्या कार्डावर सामान आणलं आणि मग संस्थेकडून पैसे घेतले तर ती माफी लागू नाही. छोट्या संस्थांचं सगळं चालतं तेच मुळी असं, कोण तरी जाता जाता प्लेट्स घेऊन येतं, कोण बॅनर छापून आणतं, आणि प्रत्येक पावतीवर ६.६२५ टक्के जातात. वर्षभराच्या पावत्या कुणी एकत्र केल्या तर डोळे पांढरे होतील. संस्थेचं एक डेबिट कार्ड काढा आणि सर्टिफिकेटची प्रत सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा.

बाकी ओहायोत वर्षाला सहा दिवस विक्री माफ, इलिनॉयमध्ये दोन कार्यक्रम, ओरेगनमध्ये सेल्स टॅक्सच नाही त्यामुळे ते सुखी.

वेस्ट_कोस्ट_वाली
आणि कॅलिफोर्नियात संस्थांना सरसकट माफी नाहीच, ना घेताना ना विकताना, काही ठराविक प्रकार सोडले तर. ७.२५ पासून सुरुवात, वर लोकल. टेक्ससवाल्यांनी तक्रार करू नये 🙏

स्पष्टच_बोलतो
मला एक कळत नाही, शर्ट हवेतच कशाला? निव्वळ देणगीवर सेल्स टॅक्स नसतो. २०० लोकांकडून दहा-दहा डॉलर देणगी घ्या, तेवढेच २,००० होतात, ना प्रिंटर, ना फॉर्म, ना उरलेल्या एक्सएल शर्टांचे खोके कुणाच्या तरी गराजमध्ये. फंडरेजिंगचा खर्च म्हणून आपण फक्त छपाई मोजतो, त्या विक्रीपायी जे तास जातात ते कुठेच लिहीत नाही. एवढ्या वेळात दोन मुलं जास्त शिकवून होतील.

बिनपगारी_खजिनदार
काका खूप धन्यवाद, माफीचं पत्र जुन्या फायलीत सापडलं, हुश्श.

@स्पष्टच_बोलतो, पटतंय पण पूर्ण नाही. दहा डॉलर द्या म्हटलं की लोक "बघतो" म्हणतात, शर्ट दाखवला की पाकीट काढतात. शिवाय मुलं तो घालून फिरतात, त्यावरूनच दोन नवे शिकवणारे मिळालेत आम्हाला.

अजून दोन शंका. एक, शर्टवर किंमत न लिहिता "सजेस्टेड डोनेशन २० डॉलर" लिहिलं तर? दोन, एक ऑनलाइन कंपनी म्हणते आम्ही छापू, आम्हीच विकू, तुम्हाला प्रत्येक शर्टमागे पैसे देऊ. ते बरं पडेल?

आकडेमोड_काका
पहिलं: नाव काहीही द्या, २० दिल्याशिवाय शर्ट हातात देणार नसाल तर ती विक्रीच. पैसे न देणाऱ्यालाही खरंच शर्ट देणार असाल तर गोष्ट वेगळी, पण मग तुमचे १० डॉलर कोण देणार? ही पळवाट कुणीतरी दर थ्रेडमध्ये सुचवतं, ऑडिटवाल्यांनाही ती पाठ असते.

दुसरं: त्यात विकणारी कंपनी होते, तुम्ही कमिशन घेणारे. टॅक्स तीच लावणार आणि भरणार, तुमची कटकट शून्य, पण तुमचे टॅक्स-फ्री दिवस तिथे चालत नाहीत आणि सुटणारे पैसेही कमी. कुणाला वेळच नसेल तर जरूर करा. तुमच्याकडे माणसं आहेत, म्हणून मी तरी स्वतः विका म्हणेन.

त्यापेक्षा असं करा, आधी ऑर्डरी घ्या, हव्या तितके आठवडे. प्रिंटरचा माल संस्थेच्या ताब्यात येतो तो तुमचा टॅक्स-फ्री दिवस धरतात. ऑर्डरीपुरतेच छापले तर उरणारही नाहीत.

ऑक्शन दुसऱ्या दिवसात बसवा. फक्त कुणी खूप महागडी वस्तू लावणार असेल तर आधी विचारा, ५,००० डॉलरच्या वरच्या वस्तूला ही सूट मिळत नाही, संस्थेला दान आलेली किंवा संस्थेनेच बनवलेली असेल तर मिळते, आणि तीही ज्याने दान दिली त्यालाच परत विकायची नाही.

जर्सीकर
डिनरच्या तिकिटाचं विसरू नका. हे सेल्स टॅक्सचं नाही, आयआरएसचं आहे, पण त्याच रात्री लागतं. तिकीट ७५ डॉलरच्या वर असेल तर जेवणाची अंदाजे किंमत किती आणि खरी देणगी किती हे लेखी द्यावं लागतं. तिकिटावरच छापून टाका. आणि कुठेही टॅक्स गोळा केलात तर तो वेगळ्या खात्यात ठेवा, कारण तो संस्थेचा पैसा नाही, खर्च करून टाकला आणि भरला नाही तर सह्या करणाऱ्यांच्या वैयक्तिक अंगावर येऊ शकतो.

बिनपगारी_खजिनदार
बापरे, सह्या माझ्याच असतात 😐

ठीक, म्हणजे शर्ट ऑर्डर घेऊन, ऑक्शन दुसऱ्या तारखेला, परमिट नको. पण थोडे जास्तीचे छापावेच लागतात ना, कुणीतरी ऐनवेळी मागतंच. ते उरले तर टॅक्स लावून विकायचे का?

आकडेमोड_काका
मधल्या दिवसात विकलेत तर हो, आणि त्यासाठी परमिट लागेल. म्हणून मधे विकूच नका. ऑक्शनच्या रात्री दाराशी टेबल लावा, ते २४ तास फक्त ऑक्शनपुरते नसतात, त्या सेलमध्ये शर्टही विकता येतात. डिसेंबरच्या आत उरकलंत तर जानेवारीपासून पुढच्या वर्षाचे दोन दिवस नव्याने मिळतात.

स्पष्टच_बोलतो
आणि एक्सएल कमी छापा.