योशिहिमेने पोटच्या मुलाला विष घातलं? मला पटत नाही

उंबरठा:
परवा इथे कुणीतरी इतिहासातल्या 'वैरिणी आयां'वर लेख टाकला. त्यात पहिलाच मान सोळाव्या शतकातल्या जपानी सरदार दाते मासामुनेच्या आईचा, योशिहिमेचा. कारण काय, तर देवीच्या रोगात मुलाचा उजवा डोळा गेला, तो तिला नकोसा झाला आणि धाकट्या कोजिरोला गादी मिळावी म्हणून १५९० साली तिने मासामुनेच्या जेवणात विष कालवलं; तो वाचला आणि त्याने कोजिरोला मारलं. खाली नुसते शिव्याशाप. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

ही हकिकत येते दाते घराण्याच्या अधिकृत बखरीतून, आणि ती लिहिली शंभरेक वर्षांनी, त्याच घराण्याच्या पदरी असलेल्यांनी. धन्याने सख्खा भाऊ मारला, याला त्यांना काहीतरी कारण द्यायलाच हवं होतं. बखर म्हणते, विष घालून ती लगेच माहेरी यामागाताला पळाली. पण मासामुनेचा गुरू, झेन भिक्षू कोसाई, याच्या १५९४च्या पत्रात ती नुकतीच माहेरी गेल्याचं आहे. म्हणजे मधली चार वर्षं ती मुलाकडेच होती! १५९३ला तो कोरियात असताना तिने पत्र नि पैसे धाडले, त्याने तिच्यासाठी तिथलं कापड शोधून पाठवलं. विष घालणाऱ्या आईसाठी कापड शोधत हिंडतं का कुणी?

किल्लेदार:
पत्रं राहू द्या, प्रसंग बघा. सगळा जपान एका सत्तेखाली आणणाऱ्या हिदेयोशीने ओदावाराच्या किल्ल्याला वेढा घातलेला, मासामुनेला हजर व्हायचं बोलावणं, आणि याने उशीर केलेला. घराणं बुडायची वेळ. अशा वेळी कोजिरोला पुढे करून हिदेयोशीचा राग शमवावा, असं तिच्या आणि भावाच्या, मोगामी योशिआकीच्या, मनात आलं नसेल कशावरून? माहेरच्या नादाने सासर बुडवणाऱ्या बायका मी घरात पाहिल्यात.

उंबरठा:
माहेरचा नाद? १५८८ला ओसाकीच्या लढाईत भाऊ आणि मुलगा समोरासमोर उभे ठाकले, तेव्हा हीच बाई पालखीतून दोन्ही सैन्यांच्या मधे जाऊन बसली. ऐंशीएक दिवस. तह होईपर्यंत हलली नाही. त्या वेळी कोंडीत मासामुने होता, मोगामी नव्हे.

सांजवात:
आई भेदभाव करत नाही, हे फक्त शाळेच्या निबंधात. आमच्या आईने गावचं घर धाकट्याच्या नावावर केलं. मी थोरली, वडिलांच्या आजारपणात दोन वर्षं रजा काढून उशाशी बसले. मला सांगितलंसुद्धा नाही, तलाठ्याकडून कळलं. तेव्हा मला योशिहिमेचं काही नवल वाटत नाही.

माळरान:
मी धाकटा. घर माझ्या नावावर आहे, हो. पण अकरा वर्षं आईचं दुखणं-खुपणं मी काढलं. थोरले दिवाळीला फराळाचा डबा घेऊन यायचे आणि सातबारा बघून जायचे. धाकटा म्हणजे लाडावलेला, हे कुठून आणता तुम्ही लोक?

सांजवात:
मी तुमच्याबद्दल बोललेच नव्हते. अंगाला लावून घेऊ नका.

माळरान:
मग 'धाकट्याच्या नावावर' असं सगळ्यांसमोर कशाला मांडलंत? कोजिरोसारखा आमचाही कुणी विचार करत नाही. त्याने काय केलं होतं? विष घातल्याचा आळ आईवर, मेला तो.

किल्लेदार:
इथे भावाबहिणींचे खटले चालवायचे असतील तर वेगळा धागा काढा!

उंबरठा:
माळरान, तुमचा राग समजतो. पण कोजिरो मेला हेही पक्कं नाही. टोकियोजवळच्या दाइहिगान्जी देवळातल्या नोंदींत मासामुनेचा भाऊ म्हणून एक भिक्षू सापडतो, आणि तो कोजिरोच असावा असं काही अभ्यासक मानतात. तसं असेल तर भावाला वाचवायला मासामुनेनेच हा देखावा रचला, आणि आळ आईने सोसला. 'ध'चा 'मा' आपल्याकडे आनंदीबाईच्या माथी कसा चिकटला, आठवा. कागद कुणी दाखवत नाही, गोष्ट मात्र प्रत्येकाला पाठ.

किल्लेदार:
१५९४चं पत्र मला माहीत नव्हतं. लगेच पळाली, हे मी मागे घेतो. विष मागे घेत नाही.

उंबरठा:
१६२२ला मोगामींची, म्हणजे तिच्या माहेरची, जहागीर शोगुनने (जपानच्या लष्करी सत्ताधीशाने) काढून घेतली. बाई सत्तरी ओलांडलेली, डोक्यावर छप्पर नाही. गेली कुणाकडे? सेंदाईला, मासामुनेकडे. पुढच्या वर्षी तिथेच वारली.

सांजवात:
त्याने घेतलं म्हणून तिने केलं नाही, असं होत नाही. घर गेल्यावरही आई आज माझ्याकडेच आहे.