गाडीतली चिडचिड परवडली की बसमधली?

वहीवाला

मंडळी, गेले दोन महिने एक रिकामा उद्योग केला तो इथे टाकतोय. पहिला महिना ऑफिसला स्वतःच्या कारने गेलो, दुसरा महिना आधी बस मग ट्रेन असं करत गेलो. किती मिनिटं लागली ते सगळेच मोजतात म्हणून ते मोजलंच नाही. डोकं कधी आणि कशाने फिरलं एवढंच रोज रात्री वहीत लिहिलं.

कारची पानं गच्च भरली. बारीकसारीक नोंदी सगळ्या. सिग्नल हिरवा झाला तरी पुढचा मोबाईलमध्ये मान घालून बसलाय, मी लेन बदलली आणि सोडलेली लेनच सुरू झाली, मागचा विनाकारण हॉर्न वाजवतोय (पुढे रस्ताच नाही, मी काय उडू?), ऑफिसखाली पार्किंगसाठी तीन चकरा, चौथ्या चकरेत एकाने समोरून येऊन जागा मारली. एका दिवसात अशा अकरा नोंदी आहेत.

बसच्या पानांवर नोंदी मोजक्याच, पण एकेक नोंद पानभर. अर्धा तास बस नाही आणि मग एकामागे एक दोन आल्या, पहिलीत मुंगीला जागा नाही आणि मागची जवळपास रिकामी. त्या दिवशी काय काय लिहिलंय ते इथे टाकण्यासारखं नाही.

तरी माझं मत, बसची चिडचिड परवडली. ती स्टॉपवर होते आणि आत चढलो की बरीचशी स्टॉपवरच राहते. कारमधली दर दोन मिनिटांनी नव्याने उगवते आणि वर हसत हसत ब्रेक दाबायचा. बोला.

चौथा गिअर

अजिबात पटलं नाही. तुमच्या वहीत कारमध्ये काय काय चांगलं झालं त्याचा रकाना कुठाय? मला हवं तेव्हा मी निघतो, दारातून दारात जातो, सीट माझी, गाणी माझी, शेजारच्याचं कोपर बरगडीत नाही. अकरा वेळा चिडलात ना, पण बसून चिडलात! आणि मिनिटं मोजली नाहीत हे तुमच्या फारच सोयीचं झालंय बघा. स्टॉपवरचं एक मिनिट आणि चालत्या वाहनातलं एक मिनिट सारखं नसतं, वाहतुकीची गणितं मांडणारे लोकच थांबण्याचं मिनिट साधारण दुप्पट जड धरतात कारण माणसाला ते तेवढं जड जातं. तो अर्धा तास म्हणजे एक तास धरा. मग सांगा काय परवडलं ते.

दांडीला लटकलेला

मी बसवाला आहे, नाइलाजाने, पण वहीवाल्यांच्या बाजूने नाही. 'आत चढलो की चिडचिड स्टॉपवर राहते' हे वाक्य ज्याला बसायला जागा मिळते त्याचं आहे राव. मी एक पाय जमिनीवर आणि दुसरा कोणाच्या तरी बुटावर ठेवून जातो, पाठीवरची सॅक पुढे घेतली तर पुढचा वैतागतो आणि मागे ठेवली तर मागचा, आणि या सगळ्यात कोणीतरी स्पीकरवर व्हिडिओ लावतोच. बस चांगली म्हणणाऱ्यांनी एकदा भर गर्दीत चढून दाखवावं, उतरणं तर पुढची गोष्ट.

गणित कच्चं

भांडण चालू द्या, मी फक्त त्या दोन बस एकदम का येतात त्यावर बोलतो, कारण सगळे ड्रायव्हरला शिव्या घालतात आणि त्याचा बहुतेक वेळा दोष नसतो.

समजा एक बस कशानेही थोडी मागे पडली. पुढच्या स्टॉपवर तोपर्यंत जास्त माणसं जमली, त्यांना चढायला जास्त वेळ लागला, ती आणखी मागे पडली, पुढे आणखी माणसं. तिच्या मागची बस मात्र रिकाम्या स्टॉपवरून सुसाट येते कारण लोक पुढचीने उचलले. थोड्या वेळात ती हिला गाठते. म्हणून पहिली खचाखच आणि दुसरी रिकामी. १९६४ मध्येच न्यूएल आणि पॉट्स या दोन संशोधकांनी हे गणिताने मांडून ठेवलंय. म्हणजे बस आपण होऊन वेळापत्रकावर राहतच नाही, कोणीतरी मुद्दाम सावरावं लागतं, एखादीला स्टॉपवर मिनिटभर रोखून धरायचं वगैरे. आणि रोखून धरली की आतले ओरडतात :)

दुसरी गंमत. बोर्डावर लिहिलंय दर १० मिनिटांनी बस. आपल्याला वाटतं सरासरी ५ मिनिटं थांबावं लागेल. पण बस जोडीने येत असतील, म्हणजे २ मिनिटांचं अंतर, मग १८ चं, परत २, परत १८, तर सरासरी अंतर १० च राहतं, पण तुम्ही कधीही स्टॉपवर गेलात तरी १० पैकी ९ वेळा १८ वाल्या फटीत सापडता. थांबायची सरासरी निघते ८.२ मिनिटं. डेपोच्या कागदावर सगळं ठीक आणि तुमच्या कपाळावर आठ्या, आणि दोघंही खरं बोलताहेत.

चौथा गिअर

घ्या, म्हणजे आता गणितानेच सिद्ध झालं की बस बेभरवशाची. मी आणखी काय बोलू. धन्यवाद गणितराव.

गणित कच्चं

थांबा, तुमच्यासाठी पण आहे.

पुढे ना अपघात, ना सिग्नल, ना खड्डा, आणि तरी सगळं ठप्प. मग दहा मिनिटांनी आपोआप सुटतं आणि शेवटपर्यंत कारण दिसत नाही. झालंय ना? जपानमधल्या संशोधकांनी २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या फिरवल्या, २००८ मध्ये ते छापून आलं. सगळ्यांना सांगितलं तासाला ३० किमीने एकसारखं चालवा, बस एवढंच. काही वेळ छान चाललं. मग एकाने किंचित ब्रेक लावला, मागच्याने जरा जास्त, त्याच्या मागच्याने आणखी जास्त, आणि बघता बघता काही गाड्या चक्क उभ्या राहिल्या. कोंडीची ती लाट तासाला साधारण २० किमीने उलट्या दिशेने सरकत राहिली. गाड्या पुढे जातात आणि कोंडी मागे येते. तेव्हा वहीवाल्यांनी पुढच्यावर जेवढ्या नोंदी केल्यात तेवढ्याच त्यांच्या मागच्याच्या वहीत त्यांच्या नावावर असणार.

वहीवाला

हे लागलं जरा.

चौथा गिअर

ओके मान्य, कोंडी होते. पण त्यावर उपाय सरळ आहे की, रस्ते रुंद करा, पूल बांधा. नळाला पाणी कमी येतंय तर पाइप मोठा टाकतो ना आपण? का उगाच सगळ्यांना बसमध्ये कोंबायचं.

गणित कच्चं

पाण्याला 'चला आज रस्ता मोकळा आहे, गाडी काढू' असं वाटत नाही, तिथेच पाइपाचं उदाहरण फसतं. अमेरिकेत ह्यूस्टनला केटी फ्रीवे हा महामार्ग २००८ पर्यंत रुंद केला, बाजूचे जोडरस्ते धरून काही ठिकाणी २६ लेन होतात, सव्वीस! पुढच्या काही वर्षांत गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा वाढत गेला. रस्ता मोकळा दिसला की जो आधी लवकर निघत होता तो उशिरा निघतो, जो ट्रेनने जायचा तो गाडी काढतो, जो जवळ राहायचा तो लांब घर घेतो. वाईट हेतू कोणाचाच नाही. उलट बाजूने बघा, दक्षिण कोरियात सोलमध्ये शहराच्या मधोमध ओढ्यावर बांधलेला उंच रस्ता २००३ मध्ये पाडायला घेतला आणि २००५ मध्ये तिथे परत उघडं पाणी आणि चालायला जागा केली. शहर काही बंद पडलं नाही.

रात्रपाळी

तुमची सगळी चर्चा सकाळी जाऊन संध्याकाळी येणाऱ्यांची आहे. मी रात्री सव्वाबाराला सुटते. त्या वेळी दर १० मिनिटांनी वगैरे काही नसतं, शेवटची बस गेली की गेली. आणि बस मिळाली तरी स्टॉपपासून घरापर्यंतचा तो अंधारा तुकडा आहे ना, तो कुठल्याच सरासरीत बसत नाही. मी कर्ज काढून गाडी घेतली ती आवडते म्हणून नाही, चालवायला मला अजिबात आवडत नाही, रिव्हर्स तर अजून धड जमत नाही. पण दार लॉक करून घरी जाता येतं. तेव्हा कोणी 'गाड्या कमी करा' म्हटलं की मला आधी विचारावंसं वाटतं, रात्रीच्या बस वाढवल्या का? दिवे लावले का? नाही ना? मग गप्प बसा.

दांडीला लटकलेला

+१. हे शंभर टक्के.

चौथा गिअर

तेच म्हणतोय मी मघापासून!

एक पाय दारात

तेच नाही म्हणत आहात तुम्ही, त्या रात्रीची बस मागताहेत आणि तुम्ही पूल मागताय. असो.

माझा मुद्दा वेगळाच आहे. आमच्या घरात पाच माणसं आणि गाडी येते एकट्याला, म्हणजे मला. आईला गुडघ्यांमुळे बसची पायरी चढवत नाही, वडिलांना संध्याकाळनंतर नीट दिसत नाही म्हणून त्यांनी चालवणं सोडलं, दोन मुलं अजून लहान. त्यामुळे मी दवाखाना, क्लास, बँक, परत क्लास असा फिरत असतो. गाडी म्हणजे स्वातंत्र्य असं चौथा गिअर म्हणतात ते फक्त स्टेअरिंगवरच्या माणसाचं असतं, आणि माझ्या बाबतीत तर त्याचंही नाही. आईला उचलून घ्यावं न लागता चढता येईल अशी खालच्या पायरीची बस दारावरून जात असती तर त्या दिवशी माझी रजा वाचली असती. गाडीला ड्रायव्हर लागतो हे आपण हिशोबात धरतच नाही, कारण तो फुकट असतो, घरातलाच कोणीतरी.

चौथा गिअर

हे मात्र खरंय. माझ्याकडे बायको चालवते म्हणून सुटलो.

पण मूळ प्रश्न तोच राहतो ना. मी एकट्याने गाडी सोडली तर माझी गैरसोय शंभर टक्के, आणि रस्ता मोकळा होणार शून्य टक्के. माझ्या जागी दुसरा येऊन उभा राहील. मग मीच का?

गणित कच्चं

प्रश्न बरोबर आहे आणि म्हणूनच तुम्हाला दोष देत नाहीये. पण एक फरक बघा, जो मला या सगळ्या विषयात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रस्त्यावर एक माणूस गाडी घेऊन वाढला की बाकी सगळ्यांचा वेळ किंचित वाढतो. बसचं उलटं. प्रवासी वाढले आणि म्हणून बस वाढवल्या तर जी दर २० मिनिटांनी यायची ती १० मिनिटांनी येते, म्हणजे जुन्या प्रवाशांचं थांबणंही निम्मं होतं. हर्बर्ट मोरिंग नावाच्या अर्थतज्ज्ञाने हे १९७२ मध्ये मांडलं. थोडक्यात, गाडीवाल्याला दुसरा गाडीवाला नको असतो, बसवाल्याला दुसरा बसवाला हवा असायला पाहिजे.

दांडीला लटकलेला

'आणि म्हणून बस वाढवल्या तर' हे किती हळूच सरकवलंत! सगळा खेळ त्या 'तर' मध्ये आहे. प्रत्यक्षात प्रवासी वाढतात, बस तेवढीच राहते आणि दुसरा बसवाला माझ्या बुटावर उभा राहतो. मोरिंगसाहेबांना म्हणावं या एकदा दांडीला.

गणित कच्चं

बरोबर पकडलंत. त्या 'तर' ला माझ्याकडे उत्तर नाही, ते पैसे वाटणाऱ्यांकडे आहे. एवढंच सांगतो की ते जमतं. कोलंबियातल्या बोगोटाची ट्रान्समिलेनिओ ही बससेवा २००० साली सुरू झाली, बसना स्वतंत्र रस्ता, तिकीट चढायच्या आधीच, आणि तासाला एका दिशेने ३५ हजारांहून जास्त माणसं जातात. मोटारींच्या एका लेनमधून अगदी सुरळीत असताना तासाला दोनेक हजार गाड्या जातात आणि बहुतेकांत एकच माणूस. अर्थात बोगोटातही गर्दीच्या नावाने लोक बोटं मोडतातच.

चौथा गिअर

आणि मग पुढचा टप्पा म्हणजे गाडीवाल्यांवर कर लावा, शहरात शिरायचे पैसे घ्या. तेच येणार आता. आधी बस द्या मग मागा पैसे.

वहीवाला

स्टॉकहोमने तसंच केलं की. आधी २००५ च्या ऑगस्टपासून जादा बस सुरू केल्या, मग २००६ च्या जानेवारीत गाड्यांवर शुल्क लावलं, तेही सात महिन्यांपुरतं, बघा आणि ठरवा म्हणून. हद्द ओलांडणाऱ्या गाड्या साधारण २० टक्क्यांनी कमी झाल्या. आधी बहुसंख्य लोक विरोधात होते, सप्टेंबरात शहरात मतदान घेतलं तर कौल बाजूने गेला. आणि राहिलेल्या गाडीवाल्यांना रस्ता मोकळा मिळाला तो वेगळाच, म्हणजे फायदा तुमच्यासारख्यांचाही.

रात्रपाळी

त्यात रात्री शुल्क असतं का?

वहीवाला

नाही, दिवसाच असतं, संध्याकाळनंतर नाही.

रात्रपाळी

मग चालेल.

वहीवाला

एक कबुली देऊन टाकतो. आज गाडी काढली होती, घरी एक जड खोकं न्यायचं होतं. पुलाच्या आधी तुफान अडकलो, बरोबर माझ्या नेहमीच्या बसच्या शेजारी. तीही तशीच अडकलेली, त्यामुळे कोण हुशार कोण मूर्ख असं काही सिद्ध झालं नाही. फक्त माझ्या नेहमीच्या खिडकीत एक माणूस काचेला डोकं लावून, तोंड उघडं टाकून मस्त झोपला होता. पंधरा मिनिटं मी क्लच दाबत सोडत त्याच्याकडे बघत होतो. इतका राग आला त्याचा, वहीत नोंद केलीय, पण कुठल्या पानावर टाकायची तेच कळेना.

चौथा गिअर

हाहा. कारच्याच पानावर टाका, प्रामाणिकपणे.

बरं ऐका, शुक्रवारी माझी गाडी सर्व्हिसिंगला जातेय, त्यामुळे एक दिवस बसने येणार आहे. उशीर झाला तर रात्री इथेच येऊन सगळ्यांना शिव्या घालीन. स्टॉपवर किती वाजता येऊन उभा राहू तेवढं सांगा.

गणित कच्चं

कधीही या. नुकतीच गेलेली असेल.