उत्तर: चिपी–मुंबई अंतर आणि वेळ

चिपी (सिंधुदुर्गातला विमानतळ) ते मुंबई विमानाला किती वेळ लागतो, यावर ‘साडेतीनशे किलोमीटर भागिले पाचशेचा वेग, म्हणजे चाळीस मिनिटं’ असा हिशेब कुणीतरी मांडलाय. सरळ रेषेतलं अंतर बरोबर आहे, भागाकार मात्र फसवा. एटीआर ७२ हे पंख्याचं छोटं विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जातं ते वर पोचल्यावर. चढताना आणि उतरताना वेग बराच कमी असतो, आणि एवढ्या छोट्या पल्ल्यात सपाट उड्डाण थोडंच उरतं. शिवाय तिकिटावरची वेळ जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतची असते, मुंबईतली धावपट्टीपुढची रांग त्यातच धरलेली. सव्वा तास धरा.

पावसाळ्यात चिपीच्या सड्यावर (उंचावरच्या कातळाच्या सपाटीवर) ढग खाली उतरले की घिरट्या, नाहीतर विमान दुसरीकडे वळवणं आलंच. त्या दिवसांत विमानानंतरची पुढची गाडी लगेचची घेऊच नका, मध्ये निदान चार तास ठेवा.