जमीन कुणाची ते आधी बघ

वैशू (न्यू जर्सी): दादा, नाताळच्या सुट्टीत आम्ही चौघं तुमच्याकडे फ्लोरिडात येतोय हे पक्कं. पण मुलांनी हट्ट धरलाय, दोन रात्री तंबूत झोपायचंच. स्टेट पार्कांचं बुकिंग बघितलं, सगळं फुल्ल. ऑर्लँडोच्या आसपास फुकटात कुठे तंबू ठोकता येतो का? एका ॲपवर चार जागा दिसल्या, त्यातल्या दोन तर दुकानांची पार्किंग आहेत 😐

मी: ॲप ठेव बाजूला. कुणीतरी कधीतरी टाकलेली खूण असते ती. जमीन कुणाची ते आधी बघ. फ्लोरिडात फुकट मुक्काम मुख्यतः दोन मालकांकडे मिळतो. एक नॅशनल फॉरेस्ट, म्हणजे केंद्र सरकारचं जंगल, दुसरं वॉटर मॅनेजमेंट डिस्ट्रिक्ट. दुसऱ्याचं नाव आपल्या लोकांनी ऐकलेलंच नसतं.

मंगलआत्या: शुभ सकाळ 🌹🌹 आज एकादशी आहे, कुणी विसरू नका

नानाकाका: वॉटर मॅनेजमेंट म्हणजे पाटबंधारे का? पाटबंधारे खातं लोकांना झोपायला जागा देतं? आम्हाला कधी रेस्ट हाऊसची किल्ली वेळेवर मिळाली नाही.

मी: काका, तुमचंच खातं समजा. १९७२ च्या कायद्याने राज्याचे भाग केले, तेही जिल्ह्यांच्या हद्दी न बघता पाणलोटाच्या हद्दींप्रमाणे. आता असे पाच आहेत, एकेक भाग म्हणजे एक डिस्ट्रिक्ट.

नानाकाका: म्हणजे खोऱ्यांप्रमाणे. बरोबर आहे. पुढे.

मी: आमच्या बाजूची नदी सेंट जॉन्स. लांबी साधारण ५०० किलोमीटर, दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. उगमापासून मुखापर्यंत एकूण उतार ३० फुटांहून कमी.

नानाकाका: टायपिंग चुकलंय. ३०० असेल.

मी: नाही काका. तीस.

नानाकाका: अरे ते पाणी वाहतं का बसून राहतं? आम्ही साध्या कालव्यालासुद्धा याच्या पाचपट उतार धरायचो.

मी: बसूनच राहतं म्हणा ना. म्हणून मोठा पाऊस झाला की दोन्ही काठांवर लांबवर पसरतं. त्याला पसरायला जागा हवी, तर तिथे घरं होऊ देऊन चालत नाही. १९८१ साली ‘सेव्ह अवर रिव्हर्स’ नावाची योजना आली आणि डिस्ट्रिक्टांनी नदीकाठच्या पूरजमिनी विकत घ्यायला घेतल्या. जमीन लोकांच्या पैशातून घेतलेली, म्हणून लोकांना फिरायला खुली. पायवाटा आखल्या, मध्ये मध्ये तंबूच्या जागा सोडल्या. पैसे घेत नाहीत.

नानाकाका: आमच्याकडे पूररेषेच्या आत तंबू कोण ठोकतो? डायरेक्ट बंगला.

पिंट्या (पुणे): 😂😂 बाबा, ग्रुपवर सांगलीची माणसं आहेत

वैशू: नानामामा, तुमचं झालं की मी विचारते. दादा, तिथे गेल्यावर मिळतं काय नक्की?

मी: आकडा लिहिलेला एक खांब, शेकोटीसाठी लोखंडी कडं, नशीब चांगलं असेल तर एक बाक. नळ नाही, दिवा नाही, संडास नाही. बहुतेक ठिकाणी गाडी गेटाबाहेर ठेवून चालत जायचं. माणशी दिवसाला चार लिटर पाणी पाठीवर घ्यायचं धर. म्हणजे तुम्हा चौघांचं एका दिवसाचं १६ लिटर. ते उचलणार कोण हे जावईबापूंना आत्ताच विचारून ठेव.

मंगलआत्या: संडास नाही म्हणजे?

मी: आत्या, छोटं खुरपं न्यायचं. पाण्यापासून २०० फूट लांब, सहा इंच खोल खड्डा, मग माती लोटायची. कागद पिशवीत घालून परत आणायचा.

मंगलआत्या: आम्ही लहानपणी टमरेल घेऊन जायचो तेव्हा तुमच्या आजोबांनी कर्ज काढून घरात संडास बांधला. आता नात विमानाचं तिकीट काढून खुरपं घेऊन चालली.

वैशू: आई प्लीज 🙏

मी: वैशू, डिस्ट्रिक्टांचे नियम वेगवेगळे आहेत, घोळ घालू नकोस. सेंट जॉन्सकडे छोट्या जागा आधी येईल त्याच्या, मोठ्या ग्रुपला मात्र नोंदणी करावी लागते. आमच्या घरापासून जवळ हॅल स्कॉट प्रिझर्व्ह आहे, इकॉन नदीच्या काठाला. सरळसोट पाइनची झाडं, खाली पामेटोची झुडपं, वाट सपाट. मुलं चालतील. टँपाच्या बाजूचं डिस्ट्रिक्ट वेगळं, तिथे पैसे शून्य पण आधी ऑनलाइन नोंदणी हवीच. त्यांची ग्रीन स्वॅम्प नावाची दलदल मला फार आवडते. काका, तिथून चार नद्या निघतात: विथलाकूची, हिल्सबरो, ओक्लावाहा आणि पीस.

नानाकाका: आपल्या महाबळेश्वरासारखं. फक्त डोंगर नाही.

मी: टेकाडसुद्धा नाही 😄

पिंट्या: आपल्याकडे असं का नाही रे? राजगडावर पद्मावतीच्या देवळात आपण झोपलो होतो तेवढंच.

मी: आपल्याकडे राखीव जंगलात परवानगीशिवाय रात्र काढता येत नाही. देऊळ होतं म्हणून निभावलं. आणि रात्रभर तू घोरत होतास.

वैशू: आणि नॅशनल फॉरेस्ट? ओकाला म्हणतात ते?

मी: हो. राज्यात अशी तीन आहेत: ओकाला, ऑसिओला, ॲपालाचिकोला. ओकाला १९०८ चं, मिसिसिपीच्या पूर्वेकडचं सगळ्यात जुनं नॅशनल फॉरेस्ट. तिथे बहुतेक भागात कुठल्या ठरलेल्या जागेचीही गरज नाही. रस्ता सोडून आत जा, तंबू ठोक, १४ दिवसांपर्यंत कुणी उठवत नाही. पण गाडी कुठल्या वाटेने न्यायची परवानगी आहे, त्याचा फॉरेस्टवाल्यांचा वेगळा नकाशा असतो. तो फोनमध्ये उतरवून घे, आत रेंज गेलीच म्हणून समज.

आणि वाळू! गेल्या जानेवारीत आमची गाडी तिथे रुतली. पांढरी, अगदी पिठीसाखरेसारखी वाळू, इथले लोक तिला शुगर सँडच म्हणतात. पहिली पन्नास पावलं घट्ट वाटली, मग मागची चाकं ॲक्सलपर्यंत खाली. मी गॅस देत राहिलो, ती अजून खाली. पायाखालच्या मॅट चाकाखाली घातल्या तर त्या मागे उडून गेल्या. शेवटी एक शिकारी पिकअप घेऊन आला, बोलला काही नाही, दोर लावला, ओढून काढलं, टायरांची हवा कमी करायची असते एवढंच सांगून गेला. भारतातल्या माणसाने निदान एक लेक्चर दिलं असतं.

वैशू: शिकारी??

मी: हेच सांगणार होतो. थंडीत हरणांच्या शिकारीचा मोसम असतो, साधारण नोव्हेंबर ते जानेवारी. काही जागा त्या दिवसांत बंद, काही ठिकाणी मुक्कामाचे नियम बदलतात. तू ठरवलेल्या जागेच्या तारखा बघ. कधी पाणी चढलेलं असतं, कधी जंगलवाले पुढे मोठा वणवा लागू नये म्हणून मुद्दाम जंगल जाळत असतात, तेव्हाही बंद. निघायच्या आदल्या दिवशी परत एकदा बघायचं. मुलांना भगवी जाकिटं घ्या, फॅशन म्हणून नाही, दिसावीत म्हणून.

मंगलआत्या: भगवी चांगली दिसतात मुलांना. अस्वल असतं का तिथे?

मी: असतं आत्या, काळं. ओकालात बरीच आहेत. माणसापासून लांब राहतात, पण खाण्याच्या वासाला येतात. तंबूत बिस्किटाचा पुडासुद्धा ठेवायचा नाही. आम्हाला त्रास अस्वलाचा नाही, रॅकून नावाच्या मांजराएवढ्या प्राण्याचा झाला. तू पाठवलेले बेसनाचे लाडू स्टीलच्या डब्यात बाकावर ठेवले होते. सकाळी डबा उघडा, झाकणावर तुपाचे इवल्या बोटांचे ठसे, लहान मुलाच्या हातासारखे. आत एक लाडू शिल्लक, अर्धा खाल्लेला.

मंगलआत्या: म्हणजे आवडले त्याला

वैशू: डासांचं काय?

मी: तुम्ही योग्य वेळी येताय. जून ते सप्टेंबर मी तिकडे फिरकतसुद्धा नाही: उकाडा, डास आणि रोज दुपारी विजा. डिसेंबरात डास कमी. पण रात्री पारा कधी ५ अंशांपर्यंत उतरतो, न्यू जर्सीचे म्हणून ऐटीत पातळ चादरी आणू नका. आंघोळीची सोय सांगतो. ओकालात झरे आहेत, ज्युनिपर आणि अलेक्झांडर. पाणी बारा महिने २२ अंशांच्या आसपास. आत जायला थोडे पैसे पडतात, ते द्या.

वैशू: ठरलं. एक रात्र हॅल स्कॉट, एक रात्र ओकाला. वाळूच्या रस्त्याने नाही.

मी: त्याआधी एक रात्र आमच्या परसात. तंबू लावता येतो का ते बघू, धाकट्याचं रडणं पण कळेल.

मंगलआत्या: लाडू कोणाबरोबर पाठवू? झाकणाला क्लिप असलेला डबा घेते आता.

नानाकाका: त्या सेंट जॉन्सचा उतारासकट नकाशा टाक इथे. पीडीएफ नको, माझ्याकडे उघडत नाही.