डिलीट न होणाऱ्या फायलींच्या गोष्टी

खटपट्या:
काल भाचीचा फोन. "मामा, पेनड्राइव्हवरचा फोल्डर उडतच नाहीये." तिचं काम झालं, पण मला २००८-०९ चे सायबर कॅफे आठवले. कॅफेत पेनड्राइव्ह लावला की घरी येताना सोबत ऑटोरन.आयएनएफ आलीच, म्हणजे ड्राइव्ह लावताच व्हायरस चालू करून देणारी फाइल. उडवली की क्षणात परत हजर, कारण व्हायरस मेमरीत बसून ती पुन्हा लिहीत असायचा. आधी त्याची प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, मारायची (त्यासाठी लागणारा टास्क मॅनेजर त्याने आधीच बंद करून ठेवलेला!), मग ॲट्रिब -एच -आर -एस ही कमांड देऊन लपलेली फाइल उघडी पाडायची, मग डेल म्हणजे डिलीट. सांगलीतल्या आमच्या कॅफेवाल्या काकांना हे जमायचं नाही, म्हणून मला तासाचे पैसे माफ. तुमच्याकडच्या चिवट फायली येऊ द्या.

मिरचीकांडप:
न्यू फोल्डर.ईएक्सई व्हायरस!! आयकॉन फोल्डरचा, एक्स्टेन्शन लपलेलं, डबल क्लिक केलं की संपलं. एमएससीआयटीच्या क्लासमध्ये सगळ्या पीसींवर होता. सर म्हणायचे हात लावू नका, आणि स्वतःच उघडायचे.

गोदाकाठ:
आणि ती मेल आठवते का, "एका भारतीयाने शोधलंय की कॉन नावाचा फोल्डर बनवता येत नाही, बिल गेट्सलाही कारण सांगता आलं नाही"? आमच्या अख्ख्या ऑफिसने करून बघितलं होतं.

जुनाडॉसवाला:
@गोदाकाठ गेट्सला चांगलं माहीत असणार हो 😄 कॉन म्हणजे कन्सोल. आम्ही डॉसवर (विंडोजच्या आधीची, कमांड टाइप करायची सिस्टिम) कॉपी कॉन टाकून फाइल लिहायचो, कंट्रोल-झेडने संपवायचो. पहिल्या डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच, ते १९८३ मध्ये २.० ला आले. त्यामुळे कॉन, पीआरएन, ऑक्स, नल, कॉम१, एलपीटी१ ही उपकरणांची नावं कुठूनही चालायची. फोल्डर आल्यावर जुने प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून ती तशीच राखीव राहिली.

टवाळ_टाळकं:
पण बनवता येतो! कमांड प्रॉम्प्टवर पाथच्या (फोल्डरच्या पूर्ण पत्त्याच्या) आधी दोन बॅकस्लॅश, टिंब, परत एक बॅकस्लॅश. होस्टेलवर रूममेटच्या डेस्कटॉपवर ठेवला होता. बिचारा फॉरमॅट मारायला निघालेला. उडवायलाही हीच युक्ती, आरडी या फोल्डर उडवायच्या कमांडच्या पुढे. ऑटोरनवर पण हाच उतारा चालायचा: पेनड्राइव्हवर ऑटोरन.आयएनएफ नावाचा फोल्डरच करायचा, आत कॉन. त्या नावाची फाइल मग व्हायरसला बनवता येत नाही, आणि फोल्डरही सहज उडत नाही.

मिरचीकांडप:
रूममेटचं काय झालं ते सांगा आधी

टवाळ_टाळकं:
कळल्यावर मेसमधली माझी रविवारची शिकरण त्याच्या ताटात. सेमिस्टर संपेपर्यंत.

कारकून_टेबल_कोपरा:
आमच्याकडे व्हायरस नाही, नावंच लांब. "लक्ष्मीनगर वसाहत पाणीपट्टी थकबाकी अंतिम सुधारित अंतिम यादी", आणि असे फोल्डर एकात एक. शेअर्ड ड्राइव्हवर कुणीतरी सगळ्यात वरच्या फोल्डरचं नाव वाढवलं आणि आतलं काही उघडेना की उडेना. मर्यादा २६० अक्षरांची, तीही ड्राइव्हच्या नावापासून पूर्ण पाथ धरून. त्यात मराठी! 'लक्ष्मी' आपल्याला दोन अक्षरं, संगणक मोजतो सात. वरून खाली एकेकाचं नाव अ, ब, क करत गेलो, मग मुकाट उडालं सगळं.

खटपट्या:
"अंतिम सुधारित अंतिम" 🙏🙏

राईनकाठची_रमा:
लिनक्सवाल्यांचं उलटं. फाइल लगेच उडते, जागा मात्र सुटत नाही. सर्व्हरची डिस्क भरली म्हणून भलीमोठी लॉग फाइल (प्रोग्रॅमच्या नोंदींची) आरएम कमांडने उडवली, डीएफने मोकळी जागा बघावी तर आकडा तोच. जो प्रोग्रॅम ती उघडून बसलाय तो जिवंत आहे तोवर जागा अडकलेलीच. एलएसओएफ कमांडने (उघड्या फायलींची यादी देते) शोधायचा कोण आहे ते, आणि रीस्टार्ट करायचा. विंडोज निदान तोंडावर नाही म्हणतं, हे हो म्हणून ठेवून घेतं. सासरची आठवण येते.

गोदाकाठ:
😂😂 रमा, सासर कुठलं?

राईनकाठची_रमा:
सांगलीच! @खटपट्या कॅफे विश्रामबागला होता का?

खटपट्या:
नाही, स्टँडजवळ. तुमच्याकडे जर्मनीत भडंग मिळतं का हो?

राईनकाठची_रमा:
सासूबाई पाठवतात. म्हणून बाकी सगळं माफ.

पोळपाट:
मध्येच विचारते. लेकीच्या गॅदरिंगचा व्हिडिओ, दोनदा कॉपी झालाय, एक उडवायचाय. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा आहे म्हणतंय. मी सगळं बंद केलंय.

जुनाडॉसवाला:
कोण धरून बसलंय ते बघा आधी. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, रिसोर्स मॉनिटर, सीपीयू, तिथे असोसिएटेड हँडल्समध्ये फाइलचं नाव टाका. पुष्कळदा प्रीव्ह्यू दाखवायला एक्सप्लोररच धरून असतो, मग प्रीव्ह्यू पेन बंद करायचा. आणि "अनलॉक करून देतो" म्हणणारे फुकटचे प्रोग्रॅम कुठूनही उतरवू नका, सोबत नको ती पाहुणेमंडळी येतात.

पोळपाट:
एक्सप्लोररच निघाला! गेला एकदाचा. आता ते विंडोज.ओल्ड, अपग्रेडनंतर उरलेला जुन्या विंडोजचा फोल्डर, पण उडवू का? किती जागा खातंय.

जुनाडॉसवाला:
हाताने नको, डिस्क क्लीनअपमधून. एरवीही अपग्रेडनंतर दहा दिवसांनी आपोआप जातं. फक्त ते गेलं की जुन्या आवृत्तीवर परत जाता येत नाही.

पोळपाट:
मग राहू दे. कणीक भिजवायचीय अजून.