मदत हवी आहे: बाथटब काढून वॉक-इन शॉवर, कोटेशन ६२ हजार आणि १ लाख २८ हजार (कोल्हापूर)

ताराबाईपार्ककर
नमस्कार मंडळी. ताराबाई पार्कात चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, इमारत पंचवीसेक वर्षं जुनी. बाथरूम ८ × ५.५ फूट. दाराच्या समोरच्या भिंतीला लागून ५.५ × २.५ फुटी अ‍ॅक्रिलिकचा टब, पुढून विटांचा कठडा आणि त्यावर टाइल. टबाचा काठ जमिनीपासून ५६ सेंमी. आईंचं वय ७६ आहे, तेवढा पाय उचलणं आता होत नाही. टब काढून उंबरा नसलेला शॉवर करायचा आहे.

दोन कोटेशनं आलीत.
पहिलं ६२,०००: टब काढणे, त्या जागी भर टाकून फरशी, जुना आउटलेट तसाच, साधा मिक्सर, ८ मिमी काचेचा दरवाजा.
दुसरं १,२८,०००: "संपूर्ण बाथरूम नूतनीकरण", एवढी एकच ओळ.

एवढा फरक कशाचा? जुना आउटलेट चालेल का? आणि फक्त टबाखालची जागा केली तर भागेल की सगळी फरशी फोडावी लागेल?

ओळंबा
ताई, आधी पहिल्या कोटेशनबद्दल. त्यात वॉटरप्रूफिंग हा शब्दच नाही. ६२ हजारात ते बसतही नाही, म्हणून ते गाळलंय.

टब निघाल्यावर खाली काय दिसतं ते आधीच ध्यानात घ्या. टबाच्या मागच्या भिंतीवर टाइल बहुतेक वेळा काठापर्यंतच उतरलेली असते; खालच्या दोन फुटांत नुसता प्लास्टर, कधी उघडी वीट. जमिनीवर ओबडधोबड कोबा, त्यावर टबाचे पाय टेकवायला ठेवलेले विटांचे तुकडे. तिथे पाणी पडणारच नाही असं धरून ते काम केलेलं असतं. आता रोज सगळं पाणी नेमकं तिथेच पडणार.

सगळी फरशी फोडायची का? माझं मत स्पष्ट हो. नवीन कोटिंग टबाच्या जागेपुरतं मारलं आणि पुढची जुनी फरशी ठेवली, तर दोन्हींचा सांधा शॉवरच्या जागेत शिरायच्या वाटेवरच येतो. पाणी त्या सांध्यातून जुन्या टाइलखाली शिरतं आणि वर्षा-दीड वर्षात खालच्या फ्लॅटच्या छताला ओल दिसते. मग सगळंच परत फोडायचं.

हिशोब तुमच्या मापानं मांडतो. जमीन ४४ चौ. फूट. शॉवरच्या तीन भिंती २.५ + ५.५ + २.५ म्हणजे १०.५ फूट, ७ फूट उंचीपर्यंत ७३.५ चौ. फूट. उरलेल्या भिंतींना खालून १ फूट, दार वजा करून १४. एकूण १३१.५ चौ. फूट, म्हणजे सव्वाबारा चौ. मीटर. दोन घटकांचं पॉलिमर-सिमेंट कोटिंग दोन हातांना चौ. मीटरला साधारण दीड किलो लागतं, म्हणजे १८ किलोच्या वर. १५ किलोचा एक संच पुरत नाही. गवंडी तो पुरवायला त्यात पाणी घालतो आणि तिथेच काम बिघडतं. डब्यातला द्रव आणि पावडर एवढंच मिसळायचं, पाणी नाही. माल तुमच्यासमोर उघडायला लावा.

फरशीही तेवढीच: १३१.५ अधिक तुटफुटीला १० टक्के, म्हणजे १४५ चौ. फूट. जुन्याशी जुळणारी टाइल आता मिळणार नाही, शोधण्यात वेळ घालवू नका. खालचा एक फुटाचा पट्टा मुद्दाम वेगळ्या रंगाचा घ्या, शोभून दिसतो.

सध्याच्या भावानं अंदाज असा (जीएसटी वेगळा):
टब, कठडा, फरशी काढणे आणि राडारोडा खाली उतरवून नेणे १०–१२ हजार.
नळकाम, नवीन ट्रॅपसह (जाळीखालचं भांडं, पाणी धरून वास अडवतं) १४–१८.
वॉटरप्रूफिंग माल-मजुरी १२–१५.
टाइल, अ‍ॅडेझिव्ह, एपॉक्सी ग्राउट, मजुरी २१–२४.
काच ९–१२.
डायव्हर्टर (गरम-थंड मिसळून पाणी शॉवर किंवा हँडशॉवरकडे वळवणारा नळ), शॉवर, हँडशॉवर १०–१८.
पकडायचे बार आणि बैठक ६–८.
बेरीज ८२ हजार ते १ लाख ७ हजार. संक, म्हणजे पाइपांसाठी खाली बसवलेल्या स्लॅबवरची विटांच्या तुकड्यांची भर, पूर्ण उपसावा लागला तर १२–१५ हजार वर.

त्यामुळे दुसऱ्याचा आकडा फार चढा आहे असं लगेच म्हणता येत नाही, पण एका ओळीच्या कोटेशनवर काम देऊ नका. वरची यादी त्याच्यापुढे ठेवा, प्रत्येक बाबीपुढे मालाचा प्रकार आणि रक्कम लिहून घ्या. शाहूपुरी-लक्ष्मीपुरीत दोनतीन दुकानांत टाइल आणि फिटिंगचे भाव स्वतः विचारून या, म्हणजे त्याचे आकडे ताडून बघता येतील.

नळजोड
आउटलेटचं मी सांगतो. जुना ठेवू नका.

टबाचा वेस्ट बहुधा ४० मिमीचा असतो. टब पाणी साठवतो, त्यामुळे पाणी हळू गेलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. शॉवरमध्ये जेवढं पडतं तेवढं त्याच वेळी गेलं पाहिजे. हँडशॉवरचे मिनिटाला ८–९ लिटर, मोठ्या रेन शॉवरचे १२ च्या पुढे. ४० मिमीच्या पाइपात केस आणि साबणाचा थर बसला की पाणी तुंबतं, आणि तुमच्याकडे उंबराच नसणार, म्हणजे ते सरळ कमोडपर्यंत येणार.

७५ मिमी पाइप आणि नवीन नहाणी ट्रॅप घ्या. ट्रॅपमध्ये किमान ५० मिमी पाणी उभं राहिलं पाहिजे, नाहीतर उन्हाळ्यात सुकून वास येतो. पाइपाला मीटरमागे २० मिमी उतार. जुन्या ४० मिमीच्या पाइपाला पुढे ७५ चा रिड्यूसर लावून "मोठा केला" म्हणतात त्याला फसू नका. अरुंद जागा तशीच राहते.

पण हे करता येईल का, ते तुमचा स्लॅब कसा आहे त्यावर. खालच्या फ्लॅटमध्ये जाऊन त्यांच्या बाथरूमचं छत बघा. पाइप छताखाली लटकलेले असतील तर ट्रॅप बदलायला स्लॅबला भोक पाडावं लागेल. ते फक्त कोअर कटिंग मशीननं, बीमपासून लांब, सोसायटीच्या लेखी परवानगीनं आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून. ब्रेकर स्लॅबला लावू द्यायचा नाही. पाइप दिसत नसतील तर स्लॅब खाली बसवलेला आहे, काम तुमच्याच घरात होतं.

ताराबाईपार्ककर
मनापासून धन्यवाद दोघांना. खाली जाऊन बघितलं, पाइप दिसत नाहीत, छत सपाट आहे. पण एका कोपऱ्यात पिवळसर डाग आहे, ते म्हणतात जुनाच आहे. संक उपसायचा का मग? आणि तयार अ‍ॅक्रिलिकचा शॉवर ट्रे बसवला तर हे सगळं टळेल का?

ओळंबा
ट्रेचा काठ बहुधा ४–५ सेंमी वर येतो, म्हणजे पायरी राहिली. ७६ वर्षांच्या माणसाला ५६ सेंमीपेक्षा ५ सेंमीत पाय अडकण्याचा धोका जास्त, कारण ती उंची नजरेत भरत नाही. तुमचा हेतूच त्यात हरवतो.

डाग आहे म्हणजे संक तपासायलाच हवा. टब काढल्यावर त्या जागेत एक फूट बाय एक फूट खड्डा स्लॅबपर्यंत घ्या. विटांचे तुकडे ओले निघाले किंवा तळाशी पाणी जमलं तर सगळा उपसायचा. ४४ चौ. फूट, खोली १० इंच धरली तर एक घनमीटरच्या आसपास माल निघतो, वजन दीड टनापर्यंत. २५ किलोची पोती धरली तर साठेक पोती दोन मजले खाली न्यायची. म्हणून त्याचा दर आधीच ठरवा, नाहीतर मधेच काम थांबवून वाढीव मागतात. तुकडे कोरडे आणि घट्ट असतील तर फक्त पाइपापुरता चर.

उपसला तर स्लॅबवर एक कोटिंग, संकातून डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या पाइपांच्या उभ्या मोकळ्या जागेत, १ इंची पाइप काढून ठेवणे (कधी पाणी मुरलंच तर ते डक्टमध्ये दिसेल, खालच्यांच्या छतात साचणार नाही), मग भर, वर पुन्हा कोटिंग. जमीन-भिंतीच्या कोपऱ्यात १:४ सिमेंट-वाळूच्या मसाल्याची गोलाई (वाटा) मारून घ्या. काटकोनात कोटिंग पातळ बसतं आणि तिथेच चिरतं. ट्रॅपच्या गळ्याभोवती आणि पाइप बाहेर येतात तिथे फायबरची जाळी. पहिला हात आडवा, चार-सहा तासांनी दुसरा उभा.

दोन्ही हात पूर्ण वाळले की ट्रॅप बंद करून २ इंच पाणी ४८ तास. भिंतीवर पेन्सिलनं पातळीची खूण करा आणि शेजारी एका बादलीत पाणी भरून तिथेही खूण करा. बादलीत जेवढं उतरलं तेवढं बाष्पीभवन. जमिनीवर त्याहून जास्त उतरलं तर गळती आहे. खालच्यांच्या छताचे फोटो आधी आणि नंतर, त्यांच्यासमोर काढा.

उतार ६० ला १. तुमच्या ५.५ फूट लांबीत साधारण २८ मिमी. लांब पट्टीचा ड्रेन एका टोकाच्या भिंतीला लावला तर एकाच बाजूला उतार द्यायचा, गवंड्याला सोपं जातं. मधोमध चौकोनी जाळी लावली तर चारही बाजूंनी उतार आणि टाइल तिरप्या कापाव्या लागतात, तिथे ३०० × ३०० पेक्षा मोठी टाइल नको. जमिनीची टाइल आर-११ (न घसरण्याचा दर्जा) घ्या. दुकानातच साबणाचं पाणी ओतून चपलेनं घासून बघा, नुसत्या खरखरीत दिसण्यावर जाऊ नका.

काचकाम
दरवाजा लावूच नका. उंबरा नाही म्हटल्यावर दरवाजाखालची फट राहते, शिवाय आत कुणी पडलं तर आत उघडणारा दरवाजा अडतो. ८ मिमी टफन्ड काचेचा ३ × ६.५ फुटी एकच पक्का पॅनेल, वरून भिंतीला आधाराचा रॉड. उरलेली अडीच फूट वाट. पुढे कधी मदतीला सोबत माणूस आत यावा लागेल असं वाटत असेल तर पॅनेल अडीच फुटांचा करा आणि वाट ३ फूट ठेवा. थोडं पाणी बाहेर उडेल, पण बाहेरची जमीनही उतारात असली की चालतं.

माप टाइल आणि ग्राउट झाल्यावरच. टफन्ड काच नंतर कापता येत नाही आणि भिंत वरपासून खालपर्यंत ४–५ मिमी ओळंब्यातून बाहेर असणं नेहमीचंच. माप दिल्यापासून आठवडा धरा. बोअरचं पाणी वापरत असाल तर काचेवर पांढरे डाग चढतात, अंघोळ झाल्यावर वायपर फिरवायची सवय ठेवा.

पायाड
बारचं कुणी सांगितलं नाही. ३२ मिमी जाडीचा स्टीलचा, भिंतीपासून ४० मिमी सुटा, जमिनीपासून ८०–८५ सेंमी. एक आडवा बैठकीच्या बाजूला, एक उभा शॉवरमध्ये शिरायच्या वाटेशी. चार इंची विटांच्या भिंतीत साधा प्लास्टिकचा गुट्टा ठोकून बार लावला तर माणसाच्या वजनानं उपटून येतो. केमिकल अँकर (भोकात रसायन भरून पक्का बसवलेला बोल्ट) घ्या, आणि जागा टाइल लावण्याआधी ठरवून तेवढा प्लास्टर भक्कम करून घ्या. रबरी चकतीचे चिकटवायचे बार अजिबात नकोत.

बैठक घडीची घेण्यापेक्षा विटांचा ४५ सेंमी उंच ओटा आणि वर कडप्पा, पुढे ५ मिमी उतार. कडप्प्याला पॉलिश नको, ओला झाला की घसरतो. ओटा कोटिंगच्या आधी बांधा आणि कोटिंग त्यावरून घ्या.

नळजोड
डायव्हर्टर शॉवरच्या खाली नको, वाटेच्या बाजूला लावा. आईंना बाहेर उभं राहून पाणी सुरू करून गरम-थंड बघता येईल. त्याच्या प्लास्टिकच्या झाकणावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त खोलीच्या रेघा असतात. टाइलचा तयार पृष्ठभाग त्या दोन रेघांमध्ये आला पाहिजे, नाहीतर वरची पट्टी बसत नाही आणि टाइल फोडावी लागते. भिंत बुजवण्यापूर्वी सीपीव्हीसी (गरम-थंड पाण्याच्या प्लास्टिक पाइपांच्या) लाइनला चौ. सेंमीला ६–७ किलो दाब दोन तास, काटा हलता कामा नये.

दुसऱ्या मजल्याला गच्चीवरच्या टाकीपासून ८–९ मीटर उंची मिळेल, म्हणजे पाऊण किलोच्या वर दाब. हँडशॉवर आणि ६ इंची शॉवरला पुरे. १२ इंची रेन शॉवर घेऊ नका, नुसता ठिबकेल.

नागाळापार्क_बंगला
याच धाग्यात विचारतो. आमचं तळमजल्याचं बाथरूम, २०१९ आणि २०२१ दोन्ही पुरांत पाणी आलं होतं. टब काढून असंच करायचंय. वेगळी काय काळजी?

नळजोड
दादा, नदीचं पाणी अंगणात यायच्या आधी ते ड्रेनेजमधून उलटं येतं, आणि घरातलं सगळ्यात खालचं तोंड आता तुमचा शॉवर ट्रॅप असेल. बाहेरच्या चेंबरमध्ये, घराच्या लाइनवर, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. झाकण उघडून साफ करता येईल असाच घ्या आणि मे महिन्यात एकदा उघडून धुवा. झडपेत कचरा अडकला की ती बंद होत नाही. शिवाय ट्रॅपच्या तोंडाला बसणारा स्क्रूचा रबरी बूच घरात ठेवा. व्हॉल्व्ह मिटलेला असताना तुमचंही पाणी बाहेर जात नाही, तेवढे दिवस ते बाथरूम बंद.

ताराबाईपार्ककर
दुसऱ्या कंत्राटदाराकडून फोड करून घेतली. त्यात फॉल्स सीलिंग, नवीन कमोड आणि १० मिमीचं दरवाजासकट काचेचं केबिन होतं. ते काढून, वॉटरप्रूफिंग आणि ७५ मिमी ट्रॅप धरून ९७ हजारांवर आला. संक उपसावा लागला तर १३ हजार वेगळे, असं लिहून दिलंय. किती दिवस धरू आणि पैसे कसे द्यावेत?

ओळंबा
९७ रास्त आहे, द्या काम. तोडफोड दोन दिवस, नळकाम दोन, कोटिंग आणि ते वाळणं चार, पाणी दोन, उताराचा थर आणि तो सुकणं तीन, टाइल-ग्राउट चार, मग काचेचा आठवडा. साडेतीन आठवडे धरा, संक उपसावा लागला तर चारच्या वर. पाऊस लागल्यावर सुरू करू नका, ओलसर हवेत थर वाळायला दुप्पट वेळ जातो आणि गवंडी घाई करतो.

पैसे: सुरुवातीला २५ टक्के, दाबाची चाचणी झाल्यावर २५, पाण्याची ४८ तासांची चाचणी खालच्यांनी मान्य केल्यावर २५, टाइल झाल्यावर १५. उरलेले १० टक्के काच लागून महिनाभर वापर झाल्यावर. पाण्याच्या चाचणीआधी टाइलला हात लावायचा नाही, हे कोटेशनवरच लिहून त्याची सही घ्या.