पटाशीच्या मुठींवर स्टेन डाग धरतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बडोद्याला दांडिया बाजारात राहतो, सुतारकाम हौसेपुरतं. शुक्रवारीच्या बाजारातून जुन्या पटाश्या घेतल्या. पोलाद झकास, मुठी पार फुटलेल्या. संखेड्याच्या एका खरादीकडून सागवानी मुठी कातून आणल्या. काम इतकं गुळगुळीत की हात लावत बसावंसं वाटतं.

पंचाईत रंगाची आहे. पाण्यातला अक्रोडी स्टेन लावला, तर मुठीच्या पोटावर तो नुसता तरंगतो, पुसला की निघून येतो. हातोडी बसते ते टोक मात्र काळंकुट्ट. त्याच डब्यातला स्टेन हातोडीच्या बाभळीच्या दांड्यावर छान बसलाय, म्हणजे डब्यात खोट नसावी.

दुसरं, वरून काय लावू? दुकानदार म्हणतो फ्रेंच पॉलिश. माझ्या तळहाताला घाम फार, त्यात सध्या पावसाळा.

प्रतिसाद १
पोटावर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. मुरला नाही, तर खरादीनं मूठ यंत्रावर फिरत असतानाच लाख किंवा मेण घासलंय. संखेड्याचं सगळं कामच लाखेचं, हात सवयीनं जातो. लाख स्पिरिटनं सुटते, मेणाला टर्पेंटाइन. मग १५० आणि १८० चा घासकागद, लाकडाच्या रेषेच्या दिशेनं. ओल्या फडक्यानं पुसा, वाळल्यावर उठलेली कूस (लाकडाचे बारीक तंतू) २२० नं हलकेच काढा. टोकाला लाकडाच्या नळ्या उघड्या असतात, तिथं रंग जास्त पिणारच. तेवढं टोक ३२० पर्यंत घासा, कमी पिईल.

प्रतिसाद २
फ्रेंच पॉलिश कपाटाला ठीक, मुठीला नको. ती लाखच, घामानं, ओलीनं पांढुरकी पडते. जवसाचं डबल बॉइल्ड तेल घ्या. कच्चं घेतलंत तर कित्येक दिवस चिकट राहील. खोबरेल तर वाळतच नाही. स्टेन पूर्ण सुकल्यावर पातळ हात द्या, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं तेल कोरडं पुसून काढा. या हवेत दुसऱ्या हातासाठी एक दिवस पुरत नाही, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा.
तेलाचे बोळे चुरगळून कचऱ्यात टाकू नका. वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेतात. बाहेर पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवा.

धागाकर्ता
थेंब मण्यासारखा उभा राहिला! स्पिरिटचा बोळा फिरवला तर तांबूस, चिकट निघाला. लाखच आहे. आता पितळी शेंबीच्या (मुठीच्या तोंडाशी बसवलेल्या कड्याच्या) खाली अडकलेली लाख कशी काढू? शेंबी घट्ट ठोकलेली आहे, उपसायला गेलो तर मूठ चिरेल असं वाटतं. की तिथं रंग फिकाच राहू द्यावा?